हलका हात

९ नोव्हेंबर २०२४

भाचीनं पुण्याहून पाठवलेली दिवाळीची भेट आज पोचली. दिवाळी होऊन गेली, पण आठवण तरी ठेवली. डब्यात गुलाबी रंगाचा एक चपटा दगड निघाला. तळहातात मावेल एवढा, एका बाजूला खाच, बाकीच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. मला आधी पेपरवेट वाटला. फोन केला तर ती हसायलाच लागली. "आत्या, त्याला ग्वाशा म्हणतात. चीनमधली जुनी पद्धत आहे. तेल लावून चेहऱ्यावरून फिरवायचा. व्हिडिओ पाठवते, तो बघून कर." मी म्हटलं, "एकोणपन्नासाव्या वर्षी चेहरा कोणाला दाखवायचाय?" तर म्हणते, "स्वतःला दाखव." या मुलींकडे उत्तरं तयारच असतात.

संध्याकाळी आईच्या खोलीतल्या आरशासमोर बसले. व्हिडिओतली बाई सांगते तसं मानेपासून सुरुवात केली. मान, मग हनुवटीपासून कानापर्यंत, नाकाच्या बाजूनं कानापर्यंत, शेवटी कपाळ. दगड उभा धरायचा नाही, जवळजवळ आडवा धरायचा. हात हलका. गालावरून पहिल्यांदा फिरवला तेव्हा अंगावर काटा आला, इतका गार. आपल्या चेहऱ्याला शेवटचा कोणाचा हात लागला होता ते आठवून पाहिलं. दातांचा डॉक्टर सोडला तर आठवलं नाही. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेल गेलं असणार. उद्यापासून तेल कमी घेईन.

१५ नोव्हेंबर

आता सवय लागली आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातून येते, दिवा लावते, चहा घेते आणि आरशासमोर बसते. आई गेल्यापासून ही वेळ खायला उठायची. तिला भरवणं, औषध देणं, कूस बदलवणं यात संध्याकाळ कुठे जायची कळायचं नाही. आता निदान करायला काहीतरी आहे.

ग्वा म्हणजे खरवडणं आणि शा म्हणजे कातडीवर वाळूसारखी उठणारी लाली, असं वाचलं. पाठीवर जोर देऊन करतात तेव्हा तसे लाल ठिपके उठतात म्हणे. चेहऱ्यावर मात्र जोर द्यायचा नाही.

आज समोरच्या टेबलावरच्या सुनंदाबाईंना विचारलं, माझ्या चेहऱ्यात काही फरक दिसतो का? त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "झोप झाली नाही का गं?"

२२ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावर दसऱ्याला आलेलं भाडेकरू जोडपं अगदी मनासारखं आहे. स्वप्नील औषधांच्या कंपनीत आहे, जळगाव-नंदुरबारकडे फिरती असते. आल्या आल्या त्यानं माझा गॅसचा सिलिंडर उचलून आत ठेवला. "मावशी, मी असताना तुम्ही असलं काही उचलायचं नाही." धुळ्याच्या आमच्या देवपुरात हल्ली असं बोलणारं कोण राहिलंय? त्याची बायको मोनाली पारोळ्याजवळच्या खेड्यातली. लग्नाला दीड वर्ष झालं. फारसं बोलत नाही. पण वर कोणी चालतंय, भांडी वाजताहेत, बादली सरकतेय, एवढ्यानंही घर भरल्यासारखं वाटतं.

आज ती पाण्याची मोटर लावायला सांगायला खाली आली, तेव्हा माझ्या तोंडाला तेल आणि हातात दगड. मी लाजलेच. ती दारातच थबकली.

"मावशी, हाई काय शे?"

मी सांगितलं. तिनं दगड हातात घेतला, गालाला लावून पाहिला आणि डोळे मिटले. "गार शे ना. माले बी शिकाडा ना."

मला इतका आनंद झाला की मोटर लावायची राहूनच गेली.

२९ नोव्हेंबर

स्वप्नील फिरतीवर असला की मोनाली येते. आईच्या खुर्चीत बसते, मान मागे टाकते. मी तिच्या चेहऱ्यावर करून दाखवते, म्हणजे तिला कळेल. पण तिला झोपच लागते. आज तर तोंड उघडं टाकून झोपली, लहान मूल झोपतं तशी. मी कपाळावरून दगड फिरवत राहिले. कितीतरी वेळ. शिकायची घाई नाहीये तिला, आणि मलाही शिकवायची घाई नाही.

झोपेत असताना दाराची कडी वाजली तर ताडकन उठली. दूधवाला होता.

६ डिसेंबर

मोनालीच्या डाव्या डोळ्याखाली काळानिळा डाग. मी विचारायच्या आतच म्हणाली, "घरी चमच्यानं करी पाह्यं मावशी. दगड नव्हता ना. मना हातच जड शे."

मी रागावले. म्हटलं, डोळ्याखालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, तिथे चमचा घासतात का? किती वेळा सांगितलं, हलका हात! ती मान खाली घालून ऐकत होती. मग मी त्या डोळ्याभोवती नुसतं बोटानं तेल लावून दिलं. तिच्यासाठी असाच दुसरा दगड मागवते. पोरीला आवड आहे, पण समज कमी आहे.

१४ डिसेंबर

दगड दिला. "मनाकरता? माले?" एवढंच म्हणाली आणि पदराच्या टोकात बांधून वर घेऊन गेली. आजकालच्या मुली पदराला काही बांधत नाहीत. मला आईची आठवण झाली.

सात वाजता, मी व्हिडिओ लावून बसले असताना, वर काहीतरी जड सरकवल्याचा आवाज झाला. कपाट असेल. घर लावायची हौस असते नव्या जोडप्यांना. आवाज थांबेना म्हणून मी व्हिडिओचं संगीत मोठं केलं.

१८ डिसेंबर

स्वप्नीलनं फिरतीवरून रावेरची केळी आणून दिली, भली मोठी फणी. चहाला बसला. मी म्हटलं, "अरे, बायकोला जरा सांग. दगड फार जोरात फिरवते ती. दंडावरही वळ दिसले मला. तिथे कशाला करायचं?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "हो ना मावशी. ऐकतच नाही ती. तुम्हीच सांगा तिला, तुमचं ऐकेल."

किती समजूतदार मुलगा. माझ्या भावासारखा, प्रकाशदादासारखा. दादानं मात्र आई गेल्यापासून तीनदाच फोन केला.

२९ डिसेंबर

आज मोनालीचे वडील आले होते. झुलालआबा. डोक्यावर टोपी, हातात वांग्यांची पिशवी आणि ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. सकाळी वर गेले आणि तासाभरानं खाली माझ्याकडे आले. मागे स्वप्नील, त्याच्या मागे मोनाली. आबा उभेच राहिले.

"ताई, पोरना गालवर हाई काय शे? जावई म्हनतस, तुम्ही काही दगडनं शिकाडेल शे, तेन्हामुळे व्हयनं. खरं शे का?"

गालावर, हाडाजवळ, जांभळा डाग होता. मी त्यांना बसवलं. माझा दगड आणून दाखवला, हातावर तेल लावून कसा फिरवतात ते करून दाखवलं, चीनमध्ये ही पद्धत किती जुनी आहे ते सांगितलं. जोर दिला तर रक्त वर येतं आणि डाग पडतो, आणि हिचा हात जड आहे, हेही सांगितलं. आबा माझ्या हाताकडे लक्ष देऊन बघत होते. शेवटी म्हणाले, "आते तुम्ही सांगी ऱ्हायनात म्हंजे खरंच व्हई. तुम्ही शिकेल बाई शेतस."

स्वप्नील म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं का?"

मोनाली माझ्याकडेच बघत होती. पापणी न हलवता. तिलाही आश्चर्य वाटलं असेल की मावशींना एवढं येतं. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही, पण आज नीट बोलले. आबांनी मलाही थोडं पीठ दिलं, संपलं की कळवा म्हणून स्वतःचा नंबर दिला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले.

मोनाली संध्याकाळी आली नाही. दमली असेल.

७ जानेवारी २०२५

मोनाली त्या दिवसापासून खाली आलेली नाही. जिन्यात दिसली तर पदर तोंडावर ओढून पटकन वर जाते. माझं काय चुकलं? वडिलांसमोर तिला "हात जड आहे" म्हटलं, त्याचा राग आला असेल का? स्वप्नील म्हणतो सर्दी आहे.

स्वतःच्याच चेहऱ्यावर दगड फिरवताना आज कंटाळा आला. दुसऱ्याच्या चेहऱ्याची सवय झाली की आपला नुसता तेलकट वाटतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या घेऊन वर गेले. मोनालीनं दार अर्धंच उघडलं. खालचा ओठ फुटलेला, सुजलेला, आणि कानाच्या खाली जबड्यावर निळं.

मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "दगड."

मी म्हटलं, "अगं, ओठावर दगड फिरवायला मी तुला कधी शिकवलं?"

ती खूप हळू बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "मावशी, तुम्हीच तं आबाले सांगं, दगडमुळे व्हस म्हनीसन."

आतून स्वप्नीलचा आवाज आला, "कोण आहे?" तिनं वडीची वाटी घेतली नाही. दार लावून घेतलं. वाटी तशीच घेऊन खाली आले.

१५ जानेवारी

आज ग्रंथालयात नोंदी करताना तेच डोक्यात. ओठ दगडानं फुटेल का? दगडाला तर धारच नाही.

संध्याकाळी जे केलं ते लिहिते. आरशासमोर बसले, तेल घेतलं नाही, दगड उभा धरला आणि गालाच्या हाडावर खरवडला. सगळा जोर लावून. पुन्हा. पुन्हा. हात दुखायला लागला, डोळ्यांत पाणी आलं. गाल लालबुंद झाला, बारीक ठिपके उठले. मग दुसरी बाजू, जबडा. मला तो रंग हवा होता. जांभळा, मध्ये काळसर. काही केल्या येईना.

१६ जानेवारी

लाली सकाळी कमी झाली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाथरूममधल्या आरशात पाहिलं तर ठिपके विरत आले होते. मोनालीचा डाग आठवडाभर होता. आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. आई खाटेवरून पडली होती तेव्हा तिच्या कमरेवर असाच होता. मी रोज बघायचे. मला माहीत होता तो रंग.

आणि मी संगीत मोठं केलं होतं.

मला कळत नव्हतं का? की कळलं असतं तर मोनाली यायची थांबली असती, केळी यायची थांबली असती, वरची पावलं थांबली असती, म्हणून मी कळून घेतलं नाही? दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदाही तेच लिहिलं गेलं, म्हणून आता राहू देते.

दिवसभरात कोणीही विचारलं नाही, गालाला काय झालं म्हणून.

१८ जानेवारी

स्वप्नील सकाळी जळगावला गेला. मी वर गेले. दाराला बाहेरून कुलूप. आतून मोनालीचा आवाज आला, "मावशी, जा. त्याले समजी जाई."

"किल्ली?"

"त्यानाकडे शे."

कुलूप तोडलं असतं तर? मग कुठे न्यायची तिला? मी तिच्या वडिलांसमोर खोटी साक्ष दिलेली बाई. आधी ती मोडायला पाहिजे. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. दाराला तोंड लावून म्हटलं, "उद्या तुझ्या घरी जाते." 

१९ जानेवारी

सकाळच्या पहिल्या बसनं पारोळा, तिथून रिक्षानं त्यांचं गाव. झुलालआबा अंगणात तुरीच्या काड्या बांधत होते. मला बघून हातातली पेंढी खाली पडली. मोनालीची आई प्रमिलाबाई चुलीपुढून उठून आल्या.

बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं, तिथे एक शब्द आठवेना. म्हटलं, "आबा, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. दगडानं तसं होत नाही. मी माझ्या तोंडावर करून बघितलं. तो तिला मारतो. काल बाहेरून कुलूप लावून गेला होता."

आबा खाली बसले. रागावतील, हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी पडलेली पेंढी जवळ ओढली. मग म्हणाले, "मी बी बाप शे, ताई. माले बी दिसनं व्हतं. तुम्ही सांगं, आनि माले बरं वाटनं."

  प्रमिलाबाईंनी तोवर चुलीतली लाकडं मागे ओढून विझवली होती. पायात चपला घातल्या, पदर खोचला. "बठा काय? चाला."

आबांच्या पुतण्याची गाडी घेतली. धुळ्याला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. स्वप्नील घरीच होता. दार उघडून आधी हसला. "अरे, आबा! सांगून यायचं ना." मग माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही कशा यांच्याबरोबर?"

प्रमिलाबाई त्याच्या बाजूनं सरळ आत गेल्या. पोरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.  "उठ," म्हणाल्या.

स्वप्नील आबांना समजावत होता, हलक्या आवाजात, तोच समजूतदार सूर. "आबा, गैरसमज होतोय. मावशींनीच सांगितलं होतं ना तुमच्यासमोर? तो दगड..."

"मी खोटं सांगितलं होतं," मी म्हणाले. आवाज फाटला माझा. "तसं होत नाही. हा बघ माझा गाल. मी सगळा जोर लावला होता. काय उरलंय त्याचं? आणि घर माझं आहे. पुढच्या रविवारपर्यंत मोकळं कर."

त्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. म्हणजे हसू नसलेला. माझ्याकडे एक पाऊल आला, तर आबा मध्ये उभे राहिले. हातात काही नव्हतं त्यांच्या. नुसते उभे राहिले.

मोनाली अंगावरच्या साडीनिशी जिना उतरली. गाडीत बसताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

२६ जानेवारी

स्वप्नीलनं सामान हलवलं. त्याचे दोन मित्र आले होते. जाताना जिन्यात थुंकला.

समोरच्या पुष्पाबाईंना गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणताना ऐकलं, "स्वतःचा संसार झाला नाही ना, दुसऱ्याचा बघवत नाही." तीस वर्षं समोर राहतात. आई गेली तेव्हा पिठलं-भाकरी त्यांनीच आणली होती. आज मी गेटात उभी असताना त्यांनी दार लोटून घेतलं.

वर काहीच आवाज नाही. मी उगाच जाऊन मोटर लावली. टाकी भरून वाहायला लागली तेव्हा बंद केली.

९ फेब्रुवारी

भाचीचा फोन आला होता. "आत्या, ग्वाशा चालू आहे ना?" मी हो म्हटलं. तिला वर्ग होता, पटकन ठेवला. दगड खरं तर गाल खरवडला त्या दिवसापासून हातात घेतलेला नाही. संध्याकाळ पुन्हा लांब झाली आहे. प्रमिलाबाईंना दोनदा फोन केला. मोनाली जवळ असते पण बोलत नाही. "इतलं जेवस, झोपस. बस," म्हणतात.

तिचा राग असणं बरोबरच आहे.

२४ फेब्रुवारी

आज पोलीस ठाण्यात जबाब होता. मोनालीनं तक्रार दिली आहे. मी रजा काढली. सुनंदाबाईंनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. का नको म्हटलं कोण जाणे. सवय.

जबाब घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "आधी तुम्ही वडिलांना वेगळं सांगितलं होतं, असं दिसतंय. तिच्या नवऱ्याचा वकील तेच धरणार. मग?" मी म्हटलं, धरू दे. मी तेव्हा जे म्हटलं तेही लिहा आणि आता म्हणते तेही लिहा. सही केली.

बाहेर आले तर लिंबाखालच्या बाकावर मोनाली बसली होती. आबा झेरॉक्स काढायला गेले होते. चेहरा स्वच्छ होता. ओठावर एक बारीक रेघ तेवढी. मी उभीच राहिले. बसू का, हेही विचारवेना.

तीच सरकली.  मग ती म्हणाली, "मावशी, एक सांगू? माले वाटे, तुम्हले बठ्ठं, समदं समजेल शे. पहिला दिवसपासून. म्हनीसन तं मी येत व्हती. तुम्ही काही विचारत नव्हतात, नुस्ता हात फिरवत व्हतात. मी म्हने, यास्ले समजस, म्हनीसन विचारतस नही."

हो म्हणणं किती सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं. माझ्या सगळ्या संध्याकाळी निदान तिच्या लेखी तरी चांगल्या राहिल्या असत्या.

"नव्हतं समजलं गं," मी म्हणाले. "मला वाटायचं, तू शिकायला येतेस."

ती माझ्याकडे वळली. त्या दिवशी आबांसमोर बघितलं होतं तसंच, पापणी न हलवता. मग मान हलवली, एकदाच, जणू कुठला तरी हिशेब जुळला नाही पण मिटला. आबा कागद घेऊन आले. पारोळ्याच्या गाडीची वेळ झाली होती. ती उठली, चार पावलं गेली आणि परत आली.

"आते कोन ऱ्हास वर?"

"कोणी नाही."

"मंग तुम्ही एकल्याच?"

"हो."

  माझ्या खांद्यावर पडलेलं लिंबाचं पान तिनं उचललं, खाली टाकलं आणि आबांच्या मागोमाग गेली.